डाव्या बाहीचा अर्धा इंच

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी आठ दहाला हे ऑफिसला गेले. राखाडी शर्ट, काळी पँट, काळे बूट. डबा नेला. अकरा चाळीसला त्यांच्या ऑफिसमधल्या शिपाईमामांचा फोन आला, साहेब खुर्चीतून पडलेत, हॉस्पिटलला नेतोय, तुम्ही या. मी गॅस बंद केला, बंद केल्याची दोनदा खात्री केली आणि टॅक्सीने गेले. पोचले तेव्हा बारा पंचवीस झाले होते. डॉक्टर म्हणाले, बारा दहालाच गेले. हृदय.

सामानाच्या खिडकीवर कारकुनाने एक पिशवी दिली आणि यादीवर सही करायला सांगितली. घड्याळ, चष्मा, किल्ल्या, बूट, मोजे, पट्टा, पँट. हे सगळं ह्यांचंच होतं. शर्ट मात्र भलत्याचाच. पिवळा. आणि पिवळा म्हणजे डोळ्यांत घुसेल असा पिवळा, पुढून उभा कात्रीने कापलेला.

मी म्हटलं, "हा आमचा नाही."

"बाई, अंगावरचाच काढलाय. पिशवीवर नाव बघा की."

"नाव बरोबर आहे. शर्ट चुकलाय. माझ्या यजमानांनी जन्मात पिवळं घातलेलं नाही."

शिपाईमामा मागे उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, तो शर्ट..." मी म्हटलं, "तुम्ही राहू द्या मामा, मी बघते."

कारकून म्हणाला, मग तसं लिहून द्या. मी लिहिलं, "सदर पिवळा शर्ट माझ्या यजमानांचा नाही. त्यांचा राखाडी शर्ट शोधून मिळावा." खाली सही, तारीख, वेळ. हा पिवळा तुम्ही काय करणार, असं विचारलं, तर म्हणाला, पंधरा दिवस ठेवतो, कोणी आलं नाही तर जाळायला जातो. मी शर्टाला हातही लावला नाही.

अक्षर नेहमीसारखं आलं. ठकीला फोन केला. मुलगी फोनवर ओरडली, मी ओरडले नाही.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बुधवारी सगळं उरकलं. माणसं येऊन गेली. ह्यांना दुसरा राखाडी शर्ट घातला. आमच्याकडे तसे चार होते. एक हॉस्पिटलने हरवला, एक त्यांच्या अंगावर गेला. राहिले दोन.

आज ठकीने कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूची यादी बघत उभी राहिली. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी ती लावली, कागद पिवळा पडला म्हणून मध्ये एकदा नवीन लिहून काढली. राखाडी, पांढरा, गडद निळा, काळा, पाचवा रंग नाही. रेघ असलीच तर आगकाडीहून जाड नको. बाहीची कड मनगटाच्या हाडापर्यंत. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे. पुढच्या गॅलरीतल्या दोरीवर फक्त दाखवण्याजोगे कपडे, बाकी सगळे मागे. ही यादी दोघांसाठी होती, मी स्वतःही तीच पाळते. मुलींच्या शाळेत तीस वर्षं फाटकाशी उभं राहून मी गणवेश तपासले. कपडे नीट असले की माणसाला स्वतःचा विचार करावा लागत नाही, असं मी मुलींना सांगत असे. ह्यांचंही ह्या बाबतीत माझ्याशी एकमत होतं. एकतीस वर्षांत एकदाही वाद घातला नाही.

शाळेत नव्या शिक्षिकांना मी ह्यांचं उदाहरण द्यायचे. दिवसभर ऑफिस करून माणूस घरी आला तरी शर्टावर एक सुरकुती नाही. सकाळी मी इस्त्री केलेला जसा गेला तसाच संध्याकाळी परत.

एकदाच गंमत झाली होती. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी निघालो तेव्हा हे केशरी शर्ट घालून आले. अण्णा मुख्याध्यापक, बोलायला फटकळ. दारातच म्हणाले, "या जावईबापू. तुमच्या आधी तुमचा शर्ट आत आला." सगळे पोट धरून हसले. हे पण हसले. घरी परतल्यावर मीही हसत हसत काहीतरी म्हटलं. तो शर्ट नंतर दिसला नाही.

जेवताना ठकीला हॉस्पिटलमधल्या गोंधळाचं सांगितलं. ती म्हणाली, "पिवळा? कसला पिवळा?"

"अगं भडक. लिंबासारखा."

ती ताट तसंच ठेवून न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. वडिलांचं दुःख तिला आता बाहेर पडत असेल. मी पाण्याचं काही बोलले नाही.


रविवार, १६ नोव्हेंबर

ठकी दुपारच्या गाडीने गेली. तिला रजा नाही. निघताना म्हणाली, "आई, त्या शर्टाच्या मागे लागू नकोस ना."

मी म्हटलं, "का नको? माणूस गेला तो कुठल्या कपड्यात गेला एवढं तरी माझ्याकडे राहू दे. मी स्वतः इस्त्री केली होती त्याला. कॉलरला दोनदा पाणी मारलं होतं."

ती काहीतरी सांगणार असं वाटलं. मग "जाऊ दे" म्हणाली आणि बॅग उचलली.

समोरच्या काकू येऊन बसल्या. त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणाल्या, "तुमच्या दोरीकडे बघून मी आमच्या ह्यांना म्हणायचे, बघा, आज पण ढगाळ आहे." मग स्वतःच जीभ चावली. मी म्हटलं, असू दे. मला राग आला नाही. काहीच आलं नाही.


सोमवार, १७ नोव्हेंबर

हॉस्पिटलला गेले. खिडकीवर तोच कारकून. मला बघून उठून उभा राहिला, एवढं चांगलं.

"राखाडी मिळाला का?"

"नाही बाई. शोधून शोधून थकलो. पिवळा आहे. त्यालाही कोणी विचारायला आलं नाही." मग म्हणाला, "अंगावर एकच शर्ट होता हो. परत एकदा बघता का?"

"मी कशाला बघू? तुमच्या साहेबांना सांगा नीट चौकशी करायला."

येताना चालत आले. रस्त्यात किती तरी पुरुष राखाडी शर्ट घालून चालले होते. मी प्रत्येकाच्या कॉलरकडे बघत होते.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज आठवडा झाला. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात एक टक्कल पडलेला गृहस्थ, हातात कपड्यांचं गाठोडं. म्हणाला, मी साहेबांच्या ऑफिसच्या कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला, मामांनी पत्ता दिला.

"साहेबांचे पाच राहिले होते बाई. मंगळवारी नेतो म्हणाले होते. मंगळवारी तर..." त्याने नाक पुसलं.

मी म्हटलं, "आमचे कपडे घरी धुतले जातात. चुकीच्या घरी आलात."

"चुकीच्या कसा? बावीस वर्षं धुतोय. लालचा रंग जातो, तो वेगळा भिजवा, हे साहेबांनीच बजावलेलं. आमची बायको म्हणायची, साहेबांचं गाठोडं सोडलं की दुकानात दिवा लावल्यासारखं होतं."

मी दार लावणार होते. त्याने गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं, हात जोडले आणि जिना उतरून गेला. हाक मारली तरी थांबला नाही.

दुपारपर्यंत गाठोडं तिथेच होतं. मग सोडलं. एक लाल. एक पोपटी. एक जांभळा. एक निळा, त्यावर हाताच्या पंजाएवढी पांढरी फुलं. एक मोराच्या मानेसारखा, त्याला काय रंग म्हणतात मला माहीत नाही. सगळे पूर्ण बाह्यांचे. कॉलरचं माप ह्यांचं होतं, पण त्या मापाची माणसं असतात.

मग मी लाल शर्टाच्या बाह्या एकावर एक ठेवल्या. डावी आखूड होती. शिवणाची टेप काढून मोजलं. बरोबर अर्धा इंच. पाचही शर्टांना अर्धा इंच.

हे लहानपणी झाडावरून पडले, डावा हात मोडला, तो नीट बसला नाही. दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणार नाही एवढाच फरक. लग्नानंतर मी तो पहिल्याच आठवड्यात पकडला. तेव्हापासून ह्यांच्या प्रत्येक शर्टाची डावी बाही मी कफच्या वर आतून दुमड घालून आखूड करते. माझे टाके बारीक, एकसारखे, उलट्या बाजूनेही दिसत नाहीत.

ह्या शर्टांतली दुमड माझी नाही. टाके लांब लांब, वाकडे, शेवटी दोरा तीन-तीन वेळा गाठ मारून तोडलेला.

म्हणजे शर्ट ह्यांचेच आहेत. आणि तो अर्धा इंच आणखी कोणाला तरी माहीत होता.


बुधवार, १९ नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. अंघोळ केली. चहा दोनदा केला, दोनदा थंड झाला.

बाई असणार. शिवणकाम न येणारी, पण ह्यांच्या हाताकडे लक्ष असलेली. बावीस वर्षं.


गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी राखाडी ड्रेस घातला, तो काढला, गडद निळा घातला, तोही काढला. अर्धा तास अशीच कपाटासमोर उभी होते. असं आयुष्यात कधी झालं नाही. यादी समोरच होती.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ह्यांच्या ऑफिसला गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हे माझ्या शाळेत येत नसत, मी त्यांच्या ऑफिसला जात नसे, अशी आमची पद्धत होती. दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायचं ऑफिस. जिन्यावरच सगळीकडे लोखंडी वजनं, एका टेबलावर पितळी वजनांची पेटी, भिंतीला मोठा काटा. शिपाईमामा धावत आले. "वहिनी, मीच येणार होतो."

मी विचारलं, इथे बायका किती आहेत? मामा गोंधळले. म्हणाले, एकच, आमच्या हेडक्लार्क बाई. त्या बाईंजवळ जाऊन बसले. पासष्टीच्या वाटाव्यात, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, समोर औषधांची डबी. मी काय विचारणार होते, ते सगळं विसरले. तोंडातून एवढंच आलं, "तुम्हाला शिवण येतं का?"

"मला?" त्यांनी पदराची पिन दाखवली. "बटण तुटलं की हिच्यावर भागवते. बटणं लावून द्यायचे ते तुमचे साहेब. अख्ख्या ऑफिसची."

"हे? ह्यांना सुई धरता येत नाही."

मामा म्हणाले, "सुरुवातीला नव्हतीच येत. बोटं टोचून घ्यायचे. एकदा कफ आणि खिसा एकत्र शिवला होता. दुपारच्या सुट्टीत बसून शिकले. आम्ही चिडवायचो, साहेब, घरी वहिनी आहेत की, त्यांच्याकडून करून घ्या. तर म्हणायचे, हे तिचं काम नाही, हे माझं आहे."

मी विचारलं, ह्यांचं सामान कुठे आहे? मामांनी लॉकर दाखवला. किल्ली जुडग्यात होती, मी दहा दिवस ती घराच्या माळ्याची समजत होते.

लॉकरच्या दांडीला हँगर होता आणि हँगरला राखाडी शर्ट. माझी इस्त्री तशीच होती. वरचं बटण लावलेलं, कॉलर ताठ, बाह्या मागे घेतलेल्या, म्हणजे चुरगळू नये. सकाळी आठ दहाला गेला तोच.

मामा सांगत होते, मी ऐकत होते असं नाही, पण ऐकू येत होतं. साडेआठला येऊन साहेब बदलायचे. पाच वाजता परत बदलायचे. दुकानदार लांबूनच ओळखायचे, रंगपेटी आली म्हणून ओरडायचे आणि वजनं पुसायला घ्यायचे. हेडक्लार्क बाई म्हणायच्या, अहो, धाड घालायला असं जातात का? तर हे म्हणायचे, "मला बघून सगळ्यांनी काटे सरळ केले, तर तपासणी झालीच की." रंगपेटी. ह्या ऑफिसात ह्यांना रंगपेटी म्हणत. माझ्या नवऱ्याला.

हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं तुम्हीच घेता हे शर्ट. आम्ही म्हणायचो, काय हौशी बायको आहे."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी रडते आहे, त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

लॉकरच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. ह्यांचं अक्षर. माझ्या यादीसारखीच यादी. मी उतरवून घेतली, जशी आहे तशी.

सोमवारी लाल, कारण सोमवार कोणालाच आवडत नाही. मंगळवारी पिवळा. फुलांचा फक्त वरिष्ठ येणार असतील तेव्हा. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे (हे तिचं बरोबर आहे). पाच वाजता राखाडी. राखाडीची घडी करायची नाही, हँगरलाच. तिने सकाळी उठून इस्त्री केलेली असते.

खाली, शिवणाच्या डब्याखाली, जुना केशरी शर्ट घडी करून ठेवलेला होता. तो आता त्यांना होणार नव्हता. त्याच्या बाहीला दुमड नव्हती. तेव्हा अजून मी तो अर्धा इंच पकडला नव्हता, आणि ह्यांना सुई धरता येत नव्हती.


शनिवार, २२ नोव्हेंबर

ठकीला फोन केला. "तुला माहीत होतं?" एवढंच विचारलं.

ती म्हणाली, "पिवळा मीच दिला होता, आई. पहिल्या पगाराचा."

"आणि मला कोणी काही सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी म्हटलं, "मी काय राक्षसीण आहे का? घाला म्हटलं असतं."

"आई."

"काय आई?"

"मी दहावीत असताना हिरवी ओढणी आणली होती. आठवतंय?"

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. ती म्हणाली, "राहू दे, मी भांडायला नाही बोलत." मग सांगितलं, बाबांना मी विचारलं होतं, आईला घाबरता का? तर बाबा हसले. म्हणाले, नाही गं. लग्न झाल्यावर ती मला एकदा म्हणाली, तुम्ही सर्कशीतल्यासारखे दिसता, मला तुमच्या शेजारी उभं राहायची लाज वाटते. "बाबा म्हणाले, आणि मला तर तिच्याच शेजारी उभं राहायचं होतं. मग दोन्ही जमवलं. आठ तास रंगीत शर्टांचे, बाकीचे तिचे. ह्यात कोणाचं काय गेलं?"

मी म्हटलं, "मी असं म्हटलं नाही."



फोन ठेवला. मी गमतीत म्हटलं होतं. आम्ही दोघं हसलो होतो, मला चांगलं आठवतं. मी आरशासमोर उभी होते, केसांच्या पिना काढत होते, हे मागे पलंगावर होते. आरशात माझा चेहरा दिसत होता. ह्यांचा दिसत नव्हता.

मग ते हसले हे मला कसं माहीत?


रविवार, २३ नोव्हेंबर

पहाटे जाग आली ती एका आठवणीने. पंधरा दिवस ठेवतात. अकरा तारखेपासून मोजले. आज रविवार, खिडकी बंद.

मी स्वतः लिहून दिलं आहे, हा माझ्या यजमानांचा नाही म्हणून. सही करून. तो माणूस दोनदा म्हणाला, परत बघा. मामा बोलायला आले तर मी त्यांना गप्प केलं. ठकीचा पहिला पगार, ह्यांचा मंगळवार. शेवटी अंगावर होता तो शर्ट मी दुसऱ्या कोणाचा तरी म्हणून खिडकीतच सोडून आले.

दोन्ही वेळा जेवले. काय जेवले ते आठवत नाही.


सोमवार, २४ नोव्हेंबर

साडेसातलाच हॉस्पिटलच्या बाकावर जाऊन बसले. कारकून नऊला आला. मला बघून त्याने खांदे पाडले. "बाई, राखाडी नाहीच हो."

"राखाडी मिळाला. पिवळा द्या."

त्याने फाईल काढून माझाच कागद माझ्यापुढे धरला. "हे काय आहे? तुम्हीच लिहून दिलंय ना, यजमानांचा नाही म्हणून? आता कसा देऊ? उद्या दुसरं कोणी आलं, आमचा होता म्हणालं, तर मी काय तोंड दाखवू?"

त्याचं बरोबर होतं. शाळेत मीही असंच सांगितलं असतं. मी म्हटलं, "शर्ट आहे का अजून?"

"आहे. उद्या संध्याकाळी पोती जातात."

"मग खात्री करून घ्या. त्याची डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच आखूड असेल. कफच्या वर आतून दुमड असेल. टाके लांब आणि वाकडे. शेवटी दोऱ्याला तीन गाठी." आणि पर्समधून टेप काढून खिडकीत ठेवली.

मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणाला, "काय हो, इथे शिंप्याचं दुकान उघडलंत का?" दोघंतिघं हसले. कारकून हसला नाही. आत जाऊन पिशवी घेऊन आला. बाही पसरून मोजली, दुसरी मोजली, परत पहिली मोजली. मग कफ उलटा करून डोळ्यांजवळ नेला.

"तीन गाठी आहेत," तो म्हणाला. "कोणी शिवलंय हे? धड एक टाका नाही."

मी म्हटलं, "त्यांनीच."

त्याने जुना कागद रद्द करायला सांगितला. मी त्यावर आडवी रेघ मारून सही केली. मग कोरा कागद दिला. "आता लिहा, शर्ट आमचाच. आणि कारण लिहावं लागेल. आधी नाही का म्हटलं होतं, त्याचं."

मी लिहिलं, "सदर पिवळा शर्ट माझ्या यजमानांचा आहे." पुढे कारणाशी येऊन थांबले. रांग खोळंबली होती. कोणीतरी जोरात उसासा टाकला. कारकून हळूच म्हणाला, "घाईत नीट बघितलं नाही, असं लिहा. सगळे तसंच लिहितात."

ते खरं नव्हतं. मी नीट बघितलं होतं. मी लिहिलं, "मला ओळखता आला नाही." सही केली. ह्या वेळी अक्षर चांगलं आलं नाही.

त्याने वाचलं, शिक्का मारला आणि पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी शर्ट थंड पाण्यात भिजवला. वेगळा, रंग जातो की नाही माहीत नव्हतं म्हणून. गेला नाही. खिशात एक छोटा खडू होता, तपासलेल्या वजनावर खूण करायचा. तो काढून खिडकीत ठेवला. छातीशी कापलेलं शिवायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. डाव्या बाहीची दुमड उसवून नीट घालावी असं एकदा वाटलं होतं. कात्रीही घेतली होती हातात. मग ठेवून दिली.

पिळला, झटकला, आणि सवयीने मागच्या गॅलरीकडे निघाले. मोरीपर्यंत जाऊन परत फिरले.

पुढच्या दोरीवर घातला. पुढून कापलेला असल्यामुळे दोन्ही भाग वेगवेगळे लोंबायला लागले, वाऱ्याने एक इकडे, एक तिकडे. दोन चिमटे पुरेनात. आत जाऊन आणखी दोन आणले आणि लावले.